रिकाम्या बाकांसमोरचं कॉलेज बेसबॉल : अनुभव धागा

नेब्रास्कातल्या ओमाहातली कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन कॉलेज बेसबॉलची अंतिम फेरी, आज टीव्हीवर दिसते आणि मैदान भरतं. पण ईएसपीएन या क्रीडावाहिनीने १९८० मध्ये ती दाखवायला सुरुवात करण्याआधी, आणि नंतरही बरीच वर्षं, उत्तरेकडच्या विद्यापीठांतले एप्रिलचे सामने मूठभर माणसांसमोर व्हायचे. मिशिगन, इलिनॉय, मिनेसोटा, आयोवा इथे शिकायला गेलेले आपले काही लोक त्या बाकांवर बसले, काहींनी स्कोअर लिहिला, काहींनी रेघा मारल्या, ताडपत्र्या ओढल्या. त्यांनी इथे लिहावं. स्वतःची कहाणी नको. सामना कसा उभा राहायचा, कुठलं माप, कुठली वस्तू, काय बिघडायचं आणि का, ते लिहा. गर्दी नसली की खेळामागचं सगळं काम डोळ्यांसमोर होतं. ते पाहिलेल्यांनी आता नोंदवून ठेवायला हवं.

बाकांवरून (मिशिगन, सत्तरचं दशक)

गर्दी का नसायची ते आधी. बहुतेक मैदानांवर दिवे नव्हते, म्हणून आठवड्यातला सामना दुपारी तीनला, म्हणजे ऐन तासांच्या आणि प्रयोगशाळेच्या वेळेत. शनिवारी एकाच दिवशी दोन सामने, दोन्ही नेहमीच्या नऊऐवजी सात-सात डावांचे. प्रवासाचा खर्च वाचायचा आणि पावसाने बुडालेले सामने त्यातच भरून निघायचे. उत्तरेच्या संघांचे पहिले सामने तर घरी होतच नसत. मार्चच्या सुट्टीत बसने टेक्सास किंवा फ्लोरिडा गाठायचं, तिथे दहा दिवस खेळायचं आणि परत येऊन बर्फ वितळायची वाट बघायची.

ॲल्युमिनियमच्या बाकाने अंगातली ऊब ओढून घेतली जाते, जाड पँट असली तरी. खोक्याचा पुठ्ठा दुहेरी करून खाली घ्यायचा. वर्तमानपत्र चालतं, पण दमट झालं की निकामी. जागेचंही शास्त्र आहे. होम प्लेटकडून (जिथे बॅटर, म्हणजे फलंदाज, उभा राहतो) पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) दिशेची रेघ पूर्व-ईशान्येला असावी असा बेसबॉलचा संकेत आहे, म्हणजे बॅटरच्या डोळ्यांत मावळतीचं ऊन येत नाही. अशा मैदानावर पहिल्या बेसच्या (होमकडून पाहता उजवीकडच्या थांब्याच्या) बाजूला छप्पर नसलेल्या बाकांवर बसलं तर दुपारचं ऊन पाठीवर येतं. तिसऱ्या बेसच्या बाजूला तेच ऊन तोंडावर. मात्र पहिल्या बेसकडे बसणाऱ्याने मान खाली घालून वाचत बसू नये. उजव्या हाताच्या बॅटरला वेगवान चेंडूवर उशीर झाला की फाउल (रेघेबाहेर उडालेला चेंडू) नेमका तिकडेच येतो, आणि अडवायला पुढे गर्दी नसते.

स्कोअरबुक

खेळाडूंना क्रमांक : पिचर १, कॅचर (प्लेटमागे चेंडू झेलणारा) २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला) ६, मग डावीकडून उजवीकडे आउटफिल्ड (मागचं मैदान) ७, ८, ९. पाठीवरच्या आकड्याशी याचा संबंध नाही, आणि नवीन माणूस पहिली चूक इथेच करतो. ६-४-३ लिहिलं की शॉर्टस्टॉपने उचलला, दुसऱ्या बेसवर दिला, तिथून पहिल्यावर : दोन बाद. ‘के’ म्हणजे स्ट्राइकआउट, तीन स्ट्राइक (चुकवलेले किंवा सोडून दिलेले योग्य चेंडू) झाल्याने बाद : स्विंग करून चुकला तर सरळ ‘के’, उभ्याउभ्या तिसरा स्ट्राइक बघत राहिला तर उलटा ‘के’.

शिसपेन्सिलच वापरायची, एचबी किंवा त्याहून मऊ. थंडीत बॉलपेनची शाई घट्ट होते आणि अधिकृत स्कोअररचा निर्णय बदलला की खोडता येत नाही. हिट (फटक्याने मिळवलेला बेस) की एरर (क्षेत्ररक्षकाची चूक) हे त्याने ठरवायचं असतं. प्रेस बॉक्स नसलेल्या मैदानांवर तो घरच्या संघाच्या बाकाशेजारीच बसलेला असे, त्यामुळे खेळाडू तिथूनच हुज्जत घालत. अशा वेळी कोपऱ्यात बारीक टिंब करून पुढे जायचं आणि डाव संपल्यावर विचारायचं.

खरी परीक्षा सामन्यानंतरची, स्कोअर जुळवणं. एका संघाचे सगळे बॅटर किती वेळा उभे राहिले ते मोजा : अधिकृत ॲट-बॅट (पुढच्या गोष्टी वगळून मोजलेल्या पाळ्या), अधिक वॉक (चार वाईट चेंडूंवर मिळालेला बेस), अधिक चेंडू लागून मिळालेले बेस, अधिक सॅक्रिफाइस (स्वतः बाद होऊन रनरला पुढे नेणं), अधिक कॅचरच्या अडथळ्याने मिळालेला बेस असला तर तो. ही बेरीज त्या संघाचे रन, बेसवर अडकून राहिलेले रनर आणि समोरच्या संघाचे पुटआउट (त्यांनी घेतलेले बाद) यांच्या बेरजेइतकी आली पाहिजे. ३८ बॅटर आले, ५ रन झाले, ६ अडकले, २७ पुटआउट : ५ + ६ + २७ = ३८, जुळलं. नाही जुळलं तर फरक बहुधा एकाचा असतो आणि चूक बहुधा दोनपैकी एका जागी सापडते. पहिली, कॅचरच्या हातून सुटलेला तिसरा स्ट्राइक, ज्यावर बॅटर पहिल्या बेसकडे धावू शकतो. पिचरच्या खात्यात स्ट्राइकआउट जातो. कॅचरने पहिल्या बेसवर फेकून बाद केला तर पुटआउट ३ नंबरचा, २ नंबरचा नाही. आणि बॅटर पोचला तर पुटआउटच नाही. दुसरी जागा म्हणजे रनरांच्या धांदलीत तिसरा बाद झाल्यावर बेसवर राहिलेला माणूस, जो मोजायचा राहून जातो.

वरच्यात भर

१९७४ पासून कॉलेजात डेझिग्नेटेड हिटर (पिचरऐवजी फक्त फलंदाजी करणारा) आला. तेव्हापासून यादीत दहा नावं, पण फलंदाजीचे रकाने नऊच. पिचरचं नाव रकान्यांखाली वेगळं लिहायचं. जुन्या वह्यांत त्याला जागा नसे, म्हणून लोक समासात लिहीत आणि पिचर बदलला की समास अपुरा पडे. बदललेल्या खेळाडूसमोर डाव क्रमांक टाकायलाच हवा, नाहीतर रात्री काही कळत नाही.

गावच्या वर्तमानपत्राला स्कोअर फोनवरून द्यायचा तर क्रम ठरलेला : पाहुणा संघ आधी, डावानुसार रन, मग रन-हिट-एररची बेरीज, मग पिचर-कॅचरच्या जोड्या, मग होमरन. आडनावांची स्पेलिंग अक्षर अक्षर सांगायची. ज्या सामन्याला बातमीदार नव्हता त्याचा छापील पुरावा बऱ्याचदा एवढाच उरतो.

रकाने कसे बोलतात ते बघायचं तर २१ मे १९८१ चा येल आणि सेंट जॉन्स या विद्यापीठांचा सामना घ्या, वेस्ट हेवनच्या येल फील्डवरचा. येलच्या रॉन डार्लिंगविरुद्ध सेंट जॉन्सच्या रकान्यांत अकरा डाव एकही हिट नाही. समोर फ्रँक व्हायोला, त्यानेही एकही रन दिला नाही. बाराव्या डावात पहिली हिट, मग चोरलेले बेस (फटक्याशिवाय धावून गाठलेले), आणि सेंट जॉन्स १-० ने जिंकलं. येलचा जुना प्रशिक्षक स्मोकी जो वूड, वय ९१, तो सामना बघायला हजर होता.

मैदान आणि माती

आपल्याकडे क्रिकेटच्या खेळपट्टीवर रोलर फिरवलेल्यांना हे पटकन समजेल. होम प्लेटच्या मागच्या टोकापासून पिचरच्या रबरच्या (तो पाय टेकवतो त्या पट्टीच्या) पुढच्या कडेपर्यंत ६० फूट ६ इंच. बेस ते बेस ९० फूट. माउंडची (पिचर उभा राहतो त्या मातीच्या टेकाडाची) उंची होम प्लेटपेक्षा १० इंच, १८ फूट व्यासाचं वर्तुळ. रबरच्या पुढे ६ इंच सपाट, मग प्रत्येक फुटाला १ इंच उतार. प्लेट ते रबर दोरी ताणून तिला लेव्हल अडकवायची. डोळ्यांनी अंदाज घेतला की माउंड दरवर्षी थोडा चपटा होत जातो, आणि पिचर तक्रार करेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

पिचरचा पुढचा पाय पडतो तिथे दोन डावांत खड्डा पडतो. सुटी कोरडी माती ओतून तो बुजत नाही, पुढच्याच डावात उडून जाते. सुटी माती आधी पूर्ण काढायची, खड्ड्याचा तळ ओला करायचा, चिकणमाती एकेक इंचाच्या थराने घालायची आणि प्रत्येक थर धुमसाने ठोकायचा. माती जास्त ओली झाली तर धुमसाला चिकटून वर येते. त्यासाठी धुमसाच्या बुडाला जुना टॉवेल गुंडाळायचा. शेवटी वरून कोरडी माती भुरभुरवायची.

इनफिल्डवर (चार बेसच्या आसपासच्या आतल्या मैदानावर) जाळी ओढताना गवताच्या कडेपासून फूटभर आत राहायचं. कडेपर्यंत ओढली की माती गवतात साठते आणि वर्षभरात तिथे उंचवटा तयार होतो. जमिनीलगत येणारा चेंडू त्या उंचवट्यावर उसळून इनफिल्डरच्या तोंडावर येतो. उंचवटा झालाच तर ताठ झाडूने माती मागे ओढायची, नंतर पाण्याचा जोरदार फवारा. जाळी हळू ओढायची. घाईत ओढली की माती लाटांसारखी बसते.

पूर्ण इनफिल्ड झाकणारी ताडपत्री बऱ्याच कॉलेजांना परवडत नव्हती. माउंडची २० फुटी गोल, प्लेटची थोडी मोठी, एवढंच. वारा ज्या बाजूने येतो ती कड आधी वाळूच्या पिशव्यांनी दाबायची, मगच बाकीची उलगडायची. उलटं केलं तर ती शिडासारखी फुगून हातातून जाते. ऊन पडल्यावर गवतावर तशीच राहिली तर खालचं गवत भाजतं.

डबकं झाडूने कधीही लोटू नका. पाण्याबरोबर माती जाते आणि तिथे कायमचा खळगा होतो. स्पंजाने किंवा डब्याने पाणी उचलायचं, मग भाजलेल्या चिकणमातीचे दाणे पसरायचे. ते पाणी शोषतात आणि मातीत मिसळून जातात. हे दाणे बेसबॉलच्या मैदानात आणण्यात डॅनी लिटव्हायलरचा हात होता, आधी फ्लोरिडा स्टेटचा आणि मग १९६४ ते १९८२ मिशिगन स्टेटचा प्रशिक्षक. उत्तरेच्या ओल्या वसंतात त्या दाण्यांच्या गोण्यांनी किती सामने वाचवले असतील!

रेघांना पूर्वी चुना वापरत. ओल्या अंगाला लागला की भाजतो, घसरत येणाऱ्या रनरच्या डोळ्यांत गेला तर फारच वाईट. खडूची भुकटी वापरा, दोरी बांधून, माती किंचित दमट असताना.

रडार गन आणि स्टॉपवॉच

लिटव्हायलरचं नाव निघालंच आहे तर : पोलिसांच्या वेगमापक रडारने पिचरचा चेंडू मोजायची कल्पना १९७४ मध्ये त्याचीच. कॅम्पस पोलिसांची बंदूक घेऊन त्याने प्रयोग केला, मग जग्ज कंपनीने बेसबॉलसाठी बंदूक बनवली. रिकाम्या गॅलरीत नेटमागच्या दोन-तीन रांगा स्काउटांच्याच (खेळाडू हेरायला येणाऱ्यांच्याच) असत, कारण अचूक आकडा तिथूनच मिळतो. बाजूला सरकलात की आकडा खोटा. चेंडूच्या रेषेशी १० अंशांचा कोन झाला तर सुमारे दीड टक्का कमी, २० अंशांना सहा टक्के, म्हणजे ९० मैलांचा चेंडू ८४.६ दिसतो.

तेव्हा दोन जातींच्या बंदुका होत्या. जग्ज चेंडू हातातून सुटताच पकडायची, ती ‘फास्ट गन’. रेगन प्लेटजवळ पकडायची, ती ‘स्लो गन’. त्याच चेंडूवर तीन-चार मैलांचा फरक. जुन्या नोंदी वाचताना बंदूक कुठली ते लिहिलं नसेल तर आकड्यावर विसंबू नका. दर सामन्याआधी ट्यूनिंग फोर्क वाजवून बंदुकीसमोर धरायचा आणि त्यावर कोरलेला वेग दिसतो का ते बघायचं.

स्टॉपवॉच डोळ्यांनी सुरू करा, कानांनी नको. आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो. आउटफिल्डच्या कुंपणाशी, शंभर मीटरवर उभे असाल तर टणत्कार ०.३ सेकंद उशिरा ऐकू येतो, आणि प्लेट ते पहिला बेस या मोजणीत ०.१ सेकंदालाही किंमत आहे. उजव्या हाताचा बॅटर ४.३ मध्ये पोचला तर ठीकठाक, डावखुरा ४.२. चोरीचं गणित : पिचर हलल्यापासून चेंडू कॅचरच्या मिटमध्ये (हातमोज्यात) १.३ सेकंद, कॅचरकडून दुसऱ्या बेसवर २.०, एकूण ३.३. रनर त्याहून जलद असेल तर कॅचरला दोष देऊ नका.

दोनच अंपायर

छोट्या सामन्यांना चार अंपायर कुठून येणार. एक प्लेटमागे, एक मैदानात. बेस रिकामे असतील तर मैदानातला पहिल्या बेसमनच्या मागे दहा-बारा फुटांवर, फाउल रेघेबाहेर : ही ‘ए’ जागा. पहिल्यावर रनर असेल तर इनफिल्डच्या आत, माउंडच्या मागे उजवीकडे, ‘बी’. पुढच्या बेसवर रनर असेल तर डावीकडे, ‘सी’. हिटवर रनर पहिल्याहून तिसऱ्याकडे निघाला की प्लेटचा अंपायर मुखवटा काढून तिकडे धावतो, आणि धावताना ओरडून जोडीदाराला सांगतो. भरलेल्या मैदानात हे ऐकू येत नाही. रिकाम्यात बाराव्या रांगेतही येतं, कॅचरचं ‘दोन बाद’ बजावणंही. दोघांच्या या पद्धतीत एक जागा उघडी राहते : प्लेटवाला तिसऱ्याकडे गेला की होमवरची झटापट लांबून बघितली जाते. बहुतेक भांडणं तिथलीच.

बॅटी आणि चेंडू

ॲल्युमिनियमच्या बॅटी १९७४ पासून कॉलेजात कायदेशीर झाल्या. कारण सरळ होतं, लाकडी बॅट मोडते आणि बजेट छोटं. ३४ इंच लांब, २९ औंस वजन, फरक पाच. पुढे बॅटी इतक्या जोरकस झाल्या की १९९८ च्या कॉलेज वर्ल्ड सिरीजच्या अंतिम सामन्यात सदर्न कॅलिफोर्नियाने ॲरिझोना स्टेटला २१-१४ हरवलं. त्यानंतर फरक तीनवर आणला आणि जाडी पावणेतीन इंचांवरून दोन पूर्णांक पाच अष्टमांशावर. बॅट कानाशी हलवून बघायची. आत खडखड वाजली तर टोकाचं बूच सुटलंय, ती बाजूला ठेवायची.

चेंडू पाच ते सव्वापाच औंस, १०८ दुहेरी टाके. फाउल परत आणणाऱ्या पोरांना काहीतरी खायला द्यायची पद्धत अनेक ठिकाणी होती, कारण डझनांचा हिशेब होता. ओला चेंडू हीटरजवळ वाळवू नये, कातडं आकसून टाके वर येतात. वर्तमानपत्रात गुंडाळून रात्रभर हवेशीर ठेवायचा आणि पुढे फक्त सरावाला वापरायचा.

विस्कॉन्सिनने १९९१ नंतर संघ बंद केला, आयोवा स्टेटने २००१ मध्ये. तिथल्या वह्या कुणाकडे असतील तर बेरजा जुळवून इथे टाका, डाव क्रमांकांसकट.