१६०० साठी रोज फुल्ल स्पीड मारायची का?

पांदणवाला: दारव्हा तालुक्यातलं गाव आमचं. पहाटे शाळेच्या ग्राउंडवर पंधरा-वीस पोरं असतो. पोलीस भरतीत १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत आलं तर २० पैकी २० मार्क. हिशेब केला तं दर ४०० ले साडेसत्त्याहत्तर सेकंद. आमचे दादा रोज आठ राउंड फुल्ल ताकदीनं मारायले लावतात. माझा राउंड ७५ चा येते, तरी जिल्ह्याच्या ग्राउंडवर सराव चाचणीत ५:४१! वरून पायाच्या दोन्ही नळ्या दुखतात. माझं म्हणणं, हे रोजचं फुल्ल बंद करा. शंकरपटाचा, म्हणजे शर्यतीचा बैलही मालक रोज पटावर सोडत नाही. आठवड्यातून दोनदा स्पीड, बाकी दिवस बोलत बोलत पळता येईल असं रनिंग. पटते का कोणाले?

ग्राउंडचा दादा: नाही पटत. हयूहयू पयून कोणाची भरती निघाली बाप्पा? ज्या पायाले ७७ चा वेग माहीतच नाही, तो त्या दिवशी कसा पयीन? नळी दुखते तं जोडे पाहा अगोदर.

वऱ्हाडी हाफमॅरेथॉन: दादांची अर्धी बाजू मी घेते. नॉर्वेत २००७ साली एक प्रयोग छापून आला. एकूण मेहनत सारखी ठेवून चार गट केले, आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा. चार-चार मिनिटं जोरात, मधे तीन मिनिटं हळू, असं चारदा करणाऱ्यांची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता साधारण ७ टक्के वाढली. नुसतं हळू पळणाऱ्यांची वाढलीच नाही. पण तिथलं ‘जोरात’ म्हणजे हृदयाच्या कमाल ठोक्यांच्या ९० ते ९५ टक्के. जीव खाऊन नव्हे. जीव खाऊन मारलेला ४०० सव्वा मिनिटात संपतो, आणि त्यातला बराच वेळ ठोके वर चढण्यातच जातो. हृदयाला खरं काम मिळतं ते नंतर.

पांदणवाला: म्हणजे माझंच बरोबर ना ताई?

वऱ्हाडी हाफमॅरेथॉन: नाही रे भाऊ. तुझं ‘बाकी दिवस हळू’ ठीक आहे, पण त्या दोन दिवसांत काय मारतोस त्यावर सगळं आहे.

काळी माती: तो नॉर्वेवाला प्रयोग स्पर्धेत उतरणाऱ्या धावपटूंवर नव्हता, हेही सांगा. २०१३ च्या दुसऱ्या एका प्रयोगात आठ-आठ मिनिटांचे चार टप्पे, थोडे कमी जोराचे, हे चार-चार मिनिटांच्या जोरकस टप्प्यांपेक्षा सरस ठरले. अर्थात ते गडी सायकलवाले. आणि चार मिनिटांच्या आत मैल पळणारा पहिला गडी, इंग्लंडचा बॅनिस्टर आठवा. १९५४ च्या एप्रिलमध्ये त्याचे दहा वेळा पाव मैल (जवळपास ४०० मीटर) काही केल्या ६१ सेकंदांखाली येईनात. सगळं सोडून स्कॉटलंडच्या डोंगरात गेला, परत आला तर ५९. पुढं ६ मे ला मैल ३:५९.४ मध्ये. पोरं दिवसभर कापूस वेचून, फवारणी करून पहाटे ग्राउंडवर येतात. ती मेहनत कोणत्या वहीत लिहिता दादा?

ग्राउंडचा दादा: तो डोंगर चढाले गेला होता, झोपाले नाही. आणि तुमचा बॅनिस्टर वर्षभर पयत होता. आमच्या पोराइले जाहिरात निघाल्यावर तीन महिने भेटतात. तीन महिन्यांत ‘बोलत बोलत पया’ सांगू का? वावरातल्या कामाचं मात्र मान्य. वेचणीच्या दिवसांत सहा राउंड करतो, आठ नाही.

काळी माती: सहा चालतील, पण रोज नको. राउंडच्या मधे थांबू देता का?

ग्राउंडचा दादा: थांबतात. पाणी पेतात, गोष्टी करतात.

वऱ्हाडी हाफमॅरेथॉन: तिथंच गोम आहे. चेक धावपटू झाटोपेक दोन राउंडच्या मधले २०० मीटर हळू पळतच राहायचा. पाच मिनिटं गप्पा मारून मारलेला ७५ आणि सलग चौथा राउंड ७७ चा, यात जमीन-अस्मानाचा फरक. आणि पांदणवाल्या भाऊ, तुमचा राउंड मोजला कशानं?

पांदणवाला: दादाच्या मोटारसायकलच्या मीटरनं.

वऱ्हाडी हाफमॅरेथॉन: टेप लावा.

पांदणवाला: (दुसऱ्या दिवशी) लावला. ग्रामपंचायतीतून लांब टेप आणला, दादा स्वतः धरून होते. राउंड ३७२ मीटर भरला. म्हणजे माझा ७५ खरा ८१ च्या जवळ.

ग्राउंडचा दादा: चुना आणतो. उद्या नवी लाइन मारू. अन् उद्या रनिंग हयूच.