‘पाणीपुरवठा सुरळीत आहे’ या एका ओळीबद्दल

धागाकर्ता :

इंदूरमधील आमच्या पार्षदांनी (नगरसेवकांनी) परवा प्रभागातील नागरिकांना महिन्याचे निवेदन पाठवले. त्यांचे आणि प्रभागाचे नाव येथे देत नाही, कारण प्रश्न एका व्यक्तीचा नाही. बगिच्यात नवी खेळणी बसवली, सहा रस्त्यांवर एलईडी दिवे लागले, कचरागाडीची सकाळची वेळ पक्की झाली, ज्येष्ठांसाठी आरोग्य तपासणीचे शिबिर झाले आणि चौकातल्या भिंती रंगवून घेतल्या, असे त्यात सविस्तर लिहिले आहे. बगिच्याला दोन परिच्छेद आणि चार छायाचित्रे मिळाली आहेत. पाण्याला एकच ओळ मिळाली : ‘प्रभागात नर्मदेचा पाणीपुरवठा सुरळीत आहे.’

त्या ओळीमुळे मी हे लिहायला बसलो. ज्या शहरात डिसेंबर २०२५ मध्ये भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले, शेकडो लोक रुग्णालयात दाखल झाले आणि माणसे दगावली, त्या शहरातल्या लोकप्रतिनिधीने ‘सुरळीत’ हा शब्द लिहिण्यापूर्वी निदान एकदा नळाखाली भांडे धरून पाहायला हवे होते.

आमच्या गल्लीत एक दिवसाआड नर्मदा येते. गेल्या महिन्यात लागोपाठ चार पाळ्यांना पहिली दहा मिनिटे पाणी पिवळसर आले. स्टीलच्या पातेल्यात ते भरून ठेवले, तेव्हा तासाभरात तळाशी बोटाला लागेल इतका काळसर गाळ बसला आणि वरच्या पाण्याला ड्रेनेजचे चेंबर उघडल्यावर येतो तसा वास येत होता. मी तक्रार नोंदवली. तिसऱ्या दिवशी ‘तक्रारीचे निराकरण झाले’ असा संदेश आला. मधल्या काळात घरी कोणीही फिरकले नव्हते. दुसऱ्यांदा तक्रार केल्यावर एक कर्मचारी सकाळी अकराला आला. आमचा नळ पहाटे येतो. त्याने कोरड्या नळाचे छायाचित्र काढले आणि तो निघून गेला. ती तक्रारही बंद झाली.

खेळणी बसवली याचा मला आनंदच आहे, माझी नात तिथे खेळते. परंतु प्रभागातील कोणती लाइन किती जुनी आहे, ती कोठे ड्रेनेजला खेटून जाते, या महिन्यात किती गळत्या सापडल्या, नमुना कोणत्या घरातून घेतला आणि त्यात क्लोरीन किती निघाले, एवढे लिहायला अर्धे पान पुरले असते. ते अर्धे पान मला चार छायाचित्रांपेक्षा मोलाचे वाटते.

गल्ली क्रमांक चार :

आपले लिहिणे वाचून वाईट वाटले. शहरांच्या स्वच्छतेची क्रमवारी लावणाऱ्या स्वच्छ सर्वेक्षणात २०१६ साली इंदूर २५व्या क्रमांकावर होते आणि २०१७ पासून सलग अनेक वर्षे पहिले आले. तो क्रमांक ओला आणि सुका कचरा वेगळा करून रोज गाडीत टाकणाऱ्या तुमच्या-आमच्या घरांनी आणि पहाटे रस्ते झाडणाऱ्या लोकांनी मिळवला. एका गल्लीत चार दिवस गढूळ पाणी आले म्हणून संपूर्ण निवेदन खोटे ठरत नाही.

ज्या शिबिराचा उल्लेख आपण एका शब्दात उरकला, तिथे माझी आई गेली होती. तिला मधुमेह असल्याचे आम्हाला त्या दिवशी कळले. साखर तीनशेच्या वर निघाली. आणखी सहा महिने कळले नसते तर काय झाले असते, याचा विचारही करवत नाही. शिवाय पार्षदांच्या हातात लाइन बदलण्याचा अधिकार असतो कुठे? निविदा निगम (महानगरपालिका) काढते, आयुक्त राज्य शासन नेमते. तरी पहाटे सहाला लोक फोन मात्र पार्षदांनाच करतात. त्या माणसाला थोडे तरी श्रेय द्या.

धागाकर्ता :

आपल्या मातोश्रींच्या बाबतीत शिबिर उपयोगी पडले, हे मान्य. मी ते उरकायला नको होते. परंतु अधिकार नसल्याची सबब मला पटत नाही. ७४व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा अधिक वस्तीच्या शहरांसाठी प्रभाग समित्या सांगितल्या आणि त्या भागाचा निवडून आलेला सदस्य समितीवर असतोच. लाइन बदलणे त्यांच्या हातात नसेल. ती खराब आहे असे लिहिणे तर त्यांच्या हातात होते.

निवृत्त उपयंत्री :

माझी नोकरी पाण्याच्या लाइनींवरच गेली, म्हणून कारण सांगतो. नर्मदेचे पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून सुमारे ७० किलोमीटर येते आणि त्यासाठी ते माळव्याच्या पठारावर चढवावे लागते. विजेचा हा खर्च इतका मोठा आहे की जलूदच्या सौर प्रकल्पासाठी निगमने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे (पर्यावरणपूरक कामासाठी गुंतवणूकदारांकडून घेतलेले कर्ज) काढले. एवढे करूनही बहुतेक वस्त्यांना एक दिवसाआडच पाणी मिळते, आणि खरे दुखणे तिथेच आहे.

लाइन चोवीस तास भरलेली असेल तर आतला दाब बाहेरच्या घाणीला शिरू देत नाही. सांध्यातून गळलेच तर पाणी बाहेर जाते. पाळी संपली की लाइन रिकामी होते. शेजारी ड्रेनेज पाझरत असेल तर जमीन ओली राहते आणि ते पाणी त्याच फटीतून आत उतरते. पुढच्या पाळीला पहिल्या लोटाबरोबर ते घरोघर पोहोचते. पहिली दहा मिनिटे पाणी पिवळे येते ते यामुळेच.

आता जे लिहितो ते कोणाला आवडणार नाही. नळाला थेट मोटर जोडून पाणी ओढले की लाइनमध्ये दाब उरत नाही, उलट शोषण सुरू होते. एका गल्लीत दहा मोटरी एकदम चालू झाल्या, तर ज्या फटीतून एरवी थेंब आला असता तिथून धार येते. भागीरथपुऱ्यात लाइनच वाईट जागी फुटली होती, तिथल्या लोकांना मी दोष देत नाही. परंतु आपल्या वस्त्यांमध्ये निम्मा दोष आपल्या मोटरींचा आहे.

तिसऱ्या मजल्यावरची :

निम्मा दोष आमचा हे कोणत्या मोजमापावरून ठरवले, काका? मी भाड्याच्या घरात तिसऱ्या मजल्यावर राहते. मोटर लावली नाही तर आमच्या नळाला पाणी चढत नाही. मालकांनी खाली हौद बांधला नाही आणि गच्चीवरची टाकी त्यांच्याच ताब्यात आहे. लग्नानंतरची पहिली दोन वर्षे मी पहाटे पाचला उठून तळमजल्यावरून बादल्या वाहिल्या. सातव्या महिन्यात असतानाही वाहिल्या. जिन्यात पाय घसरला, तेव्हा भरलेली बादली माझ्या आधी खाली गेली म्हणून मी वाचले. त्याच आठवड्यात यांनी मोटर आणली. ती मोटर बेकायदा आहे हे मला ठाऊक आहे, पण ती काढून टाकायला मला कोणी सांगू नये.

गेल्या पावसाळ्यात सासूबाईंना कावीळ झाली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न पाण्याचाच विचारला. त्या दिवसापासून वीस लिटर पाणी रोज उकळते. सिलेंडर आठवडाभर आधी संपतो. निवेदनात याची नोंद कोणी घेणार आहे का?

गल्ली क्रमांक चार :

ताई, आपल्या त्रासाबद्दल सहानुभूती आहे, पण आपल्या मोटरीचे पाणी आकाशातून येत नाही. आमचे घर गल्लीच्या शेवटी आहे. वरच्या घरांच्या मोटरी सुरू झाल्या की आमच्या नळातून फक्त हवेचा आवाज येतो. आई आजारी असताना मी शेजारच्या बोरिंगवरून पाणी आणले आहे. नियम मोडणाऱ्यांनीच पार्षदांना जाब विचारावा, हा कोणता न्याय?

तिसऱ्या मजल्यावरची :

आपल्याकडे मोटर नाही, एवढे फक्त स्पष्ट लिहा.

गल्ली क्रमांक चार :

आहे. सगळ्यांनी लावल्यावर सर्वांत शेवटी लावली. नाइलाज होता.

जुना इंदूरकर :

नाइलाज सर्वांचाच आहे, म्हणून भांडण थांबवा. माझी तक्रार वेगळी आहे आणि ती मी प्रत्येक निवेदनानंतर करतो : वस्तीतले मराठी वाचनालय बंद होऊन कुलूप गंजले, त्याबद्दल एक अक्षर नसते. पूर्वी पाण्याच्या वेळांची सूचना त्याच फळ्यावर खडूने लिहिली जायची आणि चूक असेल तर कोणीही ती पुसून सुधारायचा.

होळकर दरबाराने स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना इंदूरला बोलावले होते. त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ सालचा आहे. तेव्हा शहराला प्लेगने ग्रासले होते. गेडिस यांनी दिवाळीची मिरवणूक काढायचे ठरवले आणि जाहीर केले की नेहमीच्या मार्गाऐवजी ज्या गल्ल्यांतली सर्वाधिक घरे साफ व दुरुस्त झालेली असतील तिथूनच ती जाईल. आपल्या दारावरून मिरवणूक जावी म्हणून लोकांनी झाडू हातात घेतले. म्हणजे अट आधी सांगितली होती, आणि ती गल्लीतल्या प्रत्येकाला पाहता येत होती. निवेदनातल्या ‘सुरळीत’मध्ये पाहता येण्यासारखे काय आहे?

आणि नर्मदा या शहराला मागितल्याशिवाय मिळालेली नाही. १९७० मध्ये लोक रस्त्यावर उतरले, माझे वडील त्यांच्यात होते. पाणी १९७८ मध्ये आले. पहिल्या दिवशी आईने नळाला हळदकुंकू वाहिले होते. त्याच नळाच्या पाण्याचा आता वास घेऊन पाहावा लागतो, याचे दुःख मला क्रमांकाच्या अभिमानापेक्षा मोठे आहे.

धागाकर्ता :

उपयंत्री साहेबांचे लिहिणे मी दोनदा वाचले. माझ्याही घरी मोटर थेट नळालाच जोडलेली आहे. हौद असूनही, पाणी लवकर भरते म्हणून. ‘निम्मा दोष’ हे मला अजूनही मान्य नाही, कारण लाइन धड असती तर मोटरीने ओढायला घाण उरलीच नसती; परंतु ज्यांच्याकडे हौद आहे त्यांनी नळ हौदात सोडून मोटर हौदावर लावावी, हे आजपासून मी करीन. तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंनी मोटर काढावी असे मी म्हणणार नाही. त्यांच्या घरमालकांनी हौद बांधावा, असे मात्र पार्षदांनी निवेदनात लिहिले असते तर मी त्यांचे आभार मानले असते.

गल्ली क्रमांक चार :

पार्षदांच्या विरोधात कोणताही अर्ज निघाला तर त्यावर माझी सही मिळणार नाही, हे आधीच सांगतो. पाण्याचा नमुना द्यायला हरकत नाही.

निवृत्त उपयंत्री :

मग नमुनाच घेऊ. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन असावे, असे मानक आहे. माझ्याकडे तपासणीची नळी आणि द्रावण आहे. क्लोरीन असेल तर पाणी पिवळे होते, रंग आला नाही तर ते वाटेतल्या घाणीतच खर्ची पडले असे समजावे. जंतूंसाठी लहान बाटल्याही आणतो. त्या उबदार जागी ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी पाणी काळे पडले, तर त्यात मैला मिसळला असण्याची दाट शंका घ्यावी. तोवर प्रत्येकाने पाणी उकळूनच प्यावे.

बुधवारी पहाटे साडेपाचला पाळी आहे. गल्लीच्या सुरुवातीचे एक घर, धागाकर्त्यांचे, ताईंच्या इमारतीचा तळमजल्यावरचा नळ आणि शेवटचे गल्ली क्रमांक चारचे, अशा चार ठिकाणी मी येईन. अर्धा तास कोणीही मोटर लावू नये. नळ आला की पहिले पाणी आपण सगळे मोरीत सोडून देतो, ते त्या दिवशी सोडू नका. मला तेच हवे आहे.