चावी फिरवली की टेंपरेचरचा काटा टोकाला, अधूनमधून फ्यूजही उडतो

प्रश्न
1960 च्या दशकातली ब्रिटिश गाडी, 12 व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ (बॅटरीची निगेटिव्ह बाजू बॉडीला), स्मिथ्स कंपनीचे मीटर. इंजिन थंडगार असलं तरी चावी ऑन केली की टेंपरेचरचा काटा चढत चढत टोकाला जाऊन बसतो. सेंडर (इंजिनवरचा तापमानाचा सेन्सर) नवा टाकला, फरक नाही. पेट्रोलचा काटा बरोबर. शिवाय गाडी खड्ड्यात आदळली की कधीकधी हिरव्या वायरचा फ्यूज उडतो. शॉर्ट कुठे शोधू?

प्रतिसाद 1
शॉर्ट एक नाही, दोन आहेत. मीटरच्या आत तापणारी बारीक तार असते. सेंडरकडे जाणारी हिरवी-निळी वायर बॉडीला लागली तरी करंट त्या तारेतूनच येतो, पाव अँपिअरही भरत नाही. काटा टोकाला जातो, फ्यूज शाबूत. फ्यूज उडतो म्हणजे मीटरच्या आधीची हिरवी सप्लाय वायरही कुठेतरी उघडी आहे. सेंडरवरची वायर काढून चावी ऑन करा. काटा तरीही चढला तर वायरच दोषी. स्टॅबिलायझर (दोन्ही मीटरना स्थिर व्होल्टेज देणारा भाग) सोडून द्या, तो बिघडला असता तर दोन्ही काटे चुकले असते.

प्रतिसाद 2
फ्यूज जाळत बसू नका. फ्यूजच्या जागी 21 वॅटचा बल्ब जोडा, मग पूर्ण शॉर्टलाही पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जात नाही. त्याच फ्यूजवरचे वायपर, ब्रेकलाइट बंद ठेवा, नाहीतर बल्ब उगाच पेटेल. मग हार्नेस (वायरांचा जुडगा) वीतभर वीतभर हलवत जा. बल्ब लख्ख पेटला ती जागा. सुरुवात इंजिनकडून वायर आत येतात त्या पत्र्याच्या भोकापासून करा.

आणि फ्यूज बघून घ्या. जुन्या लुकास कंपनीच्या फ्यूजवरचा 35 हा आकडा तो उडण्याचा; सतत साधारण 17 अँपिअरच. तिथे आजचा 35 चा (म्हणजे सतत 35 अँपिअर नेणारा) बसवला असेल तर फ्यूज उडण्याआधी वायर जळेल.

प्रश्नकर्ता
भोकापाशीच पेटला! ग्रोमेट (भोकातली रबरी कडी) फाटलंय, हिरवी आणि हिरवी-निळी दोन्हींचं तांबं दिसतंय. टेप गुंडाळून चालेल?

प्रतिसाद 1
नको. इंजिनच्या उष्णतेने टेपचा गोंद पातळ होतो, टेप सरकते, तांबं पुन्हा उघडं. आधी बॅटरी काढा. खराब तुकडा कापून त्याच जाडीची वायर जोडा, पण हीट-श्रिंक नळी (गरम केली की आवळणारी) जोडण्याआधी ओवा, नंतर ती घालता येत नाही. दोन्ही वायरचे जोड पुढेमागे ठेवा, एकमेकांसमोर नकोत, आणि भोकात तर नकोतच. नवं ग्रोमेट भोकाच्या मापाचं घ्या. सैल असलं तर पत्र्याची धार परत वायर कापेल.