डायक्लोफेनॅक: दुखणं पळवणारी गोळी आणि आपले अनुभव

कंबर धरली, दाढ ठणकली, पाय मुरगळला, काहीही झालं की घरच्या औषधांच्या डब्यातून हीच गोळी निघते. कुणाकडे नुसती डायक्लोफेनॅक, कुणाकडे पॅरासिटामॉलबरोबरची जोडगोळी, कुणाकडे तिचीच बहीण ॲसिक्लोफेनॅक. कायद्याने ही शेड्यूल एच मधली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाही. पट्टीवरची लाल उभी रेघ त्याचसाठी असते. प्रत्यक्षात काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे.

धागा गोळीला शिव्या घालायला काढलेला नाही. स्लिप डिस्कच्या वेळी तिच्यामुळेच मी बाथरूमपर्यंत चालत जाऊ शकले. चांगलं-वाईट दोन्ही लिहा. फक्त डोस विचारू नका आणि सांगूही नका.

निशिगंध

बाबांना (वय ७३) रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध एकत्र असलेली गोळी बरीच वर्षं चालू आहे. गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक अधूनमधून. कधी काही बाधलं नव्हतं. मे महिन्यात गावी लग्नाला गेले आणि पंगतीतलं काहीतरी भोवलं. जुलाब थांबेनात, पाणी पोटात ठरेना. लग्नघरातल्या उठबशीने गुडघे सुजलेले, म्हणून दुखण्याची गोळी मात्र सकाळ-संध्याकाळ. शेवटी लघवीच जवळजवळ बंद झाली. एरवी १.१ असणारं रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसेल तर हे वाढतं) ४.२ वर.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. मूत्रपिंडाच्या गाळणीत रक्त आणणारी नळी उघडी ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाचं शरीरातच बनणारं रसायन करतं, आणि ही गोळी नेमकं तेच बनू देत नाही. टेल्मिसार्टन रक्त बाहेर नेणारी नळी सैल करतं. अंगातलं पाणी जुलाबांनी आणि लघवीच्या औषधाने आधीच उतरलेलं. टाकी रिकामी, येणारा नळ आवळलेला, जाणारा मोकळा, मग गाळणीला दाब कुठून मिळणार? सलाइनवर निभावलं, डायलिसिसची वेळ आली नाही. मात्र बाबा अजूनही दोष पंगतीतल्या बासुंदीलाच देतात.

मेडिकलवाला

काउंटरच्या आतल्या बाजूने लिहितो. 'एक स्ट्राँग द्या' हे दिवसभर ऐकतो. खरी भानगड एका गोळीची नसते. हाडांच्या डॉक्टरांनी ॲसिक्लोफेनॅक दिलेली असते, दाताच्या डॉक्टरांनी डायक्लोफेनॅक, आणि वहिनी घरातली कॉम्बिफ्लाम वरून देतात. तिन्ही एकाच कुळातल्या (कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन आहे). दुखणं तिप्पट थांबत नाही, त्रास मात्र वाढतो. नाव वेगळं म्हणून औषध वेगळं असं समजू नका, पट्टीवरची बारीक अक्षरं वाचा.

मी विचारतो: बीपीची किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? अल्सर, किडनी, हार्टचं काही? दमा? दम्याच्या काही रोग्यांना ॲस्पिरिन आणि या कुळातल्या गोळ्यांनी जोराचा ॲटॅक येतो. बाईमाणूस असेल तर दिवस गेलेत का, हेही विचारावं लागतं. विसाव्या आठवड्यानंतर बाळाभोवतीचं पाणी कमी होऊ शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये दिला होता. एवढे प्रश्न विचारले की निम्मी गिऱ्हाइकं वैतागून समोरच्या दुकानात जातात. जाऊ देत.

कांदाभजी

'गोळीने ॲसिडिटी होते, सुईच मारा.' आमच्या आईचं हे ठरलेलं वाक्य. कांदा लागवडीच्या दिवसांत कंबरेत सुई घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी परत रानात. एकदा चक्कर येऊन बांधावर बसली. विचारल्यावर कळलं, शी काळी कुळकुळीत होतेय. तिला वाटलं, लोहाच्या गोळ्यांनी असेल. हिमोग्लोबिन ६.८, दुर्बिणीच्या तपासणीत जठरात व्रण.

सुई पोटात जात नाही, मग पोटाला इजा कशी, हा तिचा प्रश्न मलाही पडला होता. तर इजा नुसती गोळी पोटात पडून होत नाही. जठराच्या अस्तराला सांभाळणारं प्रोस्टाग्लँडिन औषध रक्तातून जाऊन बंद करतं. तोंडाने घ्या, सुईने घ्या, नाहीतर गुदद्वारातून, पोटाचा धोका उरतोच.

सुईचं आणखी एक. गावातल्याच एकाला ती चुकीच्या जागी बसली, नसेला लागली. पाऊल अजून उचलत नाही.

मेडिकलवाला

@कांदाभजी, याला जोडून. 'गॅसची गोळी बरोबर घेतली की काही होत नाही' हे अर्धसत्य आहे. पँटोप्रॅझोल जठराला बऱ्यापैकी वाचवतं. किडनी आणि हृदयाला त्याचा काडीचा उपयोग नाही.

थेम्सकाठ

भारतातून येताना सामानात लोणच्याच्या बरणीशेजारी या पट्ट्या असतातच. इथे ब्रिटनमध्ये जानेवारी २०१५ पासून डायक्लोफेनॅकच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. कारण हृदय. २०१३ मध्ये युरोपच्या औषध संस्थेने हार्ट ॲटॅक, स्ट्रोक किंवा हार्ट फेल्युअर असलेल्यांना ही देऊ नका असं सांगितलं होतं. रोफेकॉक्सिब हे याच कुळातलं औषध याच कारणाने २००४ मध्ये बाजारातून गेलं, ते काहींना आठवत असेल. सासऱ्यांना स्टेंट बसवलाय आणि त्यांच्या बॅगेत तीन पट्ट्या सापडल्या. 'अगं, ही साधी अंगदुखीची आहे,' असं म्हणत होते.

ताठकणा

थोडं उलट बाजूने. मला अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस (पाठीच्या कण्याच्या सांध्यांना सूज येऊन कणा ताठत जाणारा आजार) आहे. या आजारात ही औषधं नुसती वेदनाशामक नाहीत, उपचाराची पहिली पायरीच आहेत. पहाटे पाठ अशी धरते की कुशीवर वळायलाही बायकोचा हात लागायचा. औषध नीट सुरू झाल्यावर ते थांबलं, मुलाला उचलून घेता आलं. ठरावीक काळाने क्रिएटिनिन, लिव्हर, हिमोग्लोबिन तपासतो, बीपी घरीच मोजतो. आमच्यासारख्यांना नातेवाईक 'पेनकिलर खाऊन किडन्या घालवशील' म्हणून घाबरवतात आणि मग कुठलीतरी 'संपूर्ण आयुर्वेदिक' पुडी आणून देतात. अशा बिनलेबलच्या पुड्यांत स्टेरॉइड आणि चक्क डायक्लोफेनॅकच मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत. दोन तासांत आराम पडला तर शंका घ्या.

रानभूल

पावसाळ्यात एक लक्षात ठेवा. ताप आणि अंग मोडून येणं डेंग्यूचं असू शकतं. रिपोर्ट येईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. प्लेटलेट घसरत असताना ही गोळी रक्तस्राव वाढवते.

घिरट्या

अवांतर, पण राहवत नाही. याच औषधाने आपली गिधाडं संपवली. गुरांना टोचलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांच्या किडन्या निकामी झाल्या, आतड्या-काळजावर युरिक ॲसिडचा पांढरा थर चढला. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून कारण कळलं, तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांतली ९९ टक्क्यांहून जास्त गेलेली होती. २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी बंदी आली, तर लोक माणसांच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचू लागले. म्हणून २०१५ पासून माणसांचं इंजेक्शन ३ मिलीच्या एका डोसातच येतं. वर जिला बहीण म्हटलंय ती ॲसिक्लोफेनॅक गाईच्या शरीरात डायक्लोफेनॅकच होते. तिच्यावर जनावरांसाठी २०२३ मध्ये बंदी आली. गाय-म्हैस असेल तर डॉक्टरांकडे गिधाडांना न बाधणारं मेलॉक्सिकॅम मागा. आमच्या म्हसळ्याकडे अजून काही घरटी तग धरून आहेत.

टाळकरी

वारीत औषधाच्या टेबलावर सेवा देतो. दिवेघाट चढून आलेल्या माउली थेट हात पुढे करतात, 'गुडघ्याची द्या.' त्यातल्या कितीतरी जणांनी सकाळपासून घोटभर चहावर वाट काढलेली, एकादशीला तर तेही नाही. वर निशिगंध यांनी लिहिलंय तेच सगळं जमून आलेलं. म्हणून आधी पाणी, मीठ-साखर, मग पाय वर करून बसवणं आणि जेल. जेल लावल्यावर रक्तात जाणारं औषध गोळीच्या मानाने फारच थोडं. मात्र फोड आलेल्या, सोललेल्या कातडीवर लावायचं नाही, वरून गरम पाण्याची पिशवी नाही, आणि हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावायचा नाही. गोळी लागलीच तर आमचे डॉक्टर आधी पिशवीतल्या बाकीच्या गोळ्या बाहेर काढायला लावतात. मागच्या खेपेला एका आजींच्या पिशवीतून बीपीची पट्टी, नातवाची खोकल्याची बाटली आणि वेगवेगळ्या गावांत मिळालेल्या दुखण्याच्या चार पुड्या निघाल्या. पुड्यांवर नाव नव्हतं. आजी म्हणाल्या, 'पांढरी बरी, पिवळीनं जळजळतं.'