मदत हवी आहे: वर्षाचं धान्य एकदम भरावं की महिन्याला घ्यावं? (जळगाव, घरात पाच माणसं)

नमस्कार मंडळी,

आम्ही जळगावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. आम्ही दोघं, सासूबाई आणि शाळेत जाणारी दोन मुलं. मिस्टर एमआयडीसीत कामाला आहेत, पगार एकच. दूध-भाजीपाला सोडून नुसता किराणा महिन्याला 9,000 च्या पुढे गेलाय. भाडं, लाईटबिल, फी यांना हात लावता येत नाही, म्हणून किराण्याकडेच बघावं लागतंय. पण मुलांच्या ताटातलं काढून मला बचत करायची नाही, हे आधीच सांगते.

याद्या काढून बघितल्या तर पैसा जातो तो गहू-ज्वारी, तूरडाळ, शेंगदाणा तेल आणि मिरची-मसाल्यात. आपल्याकडे तेल-दाणे लागतातच. शेवभाजी करा नाहीतर भरीत करा, हात आखडता घेतला की चव जाते.

सासूबाई म्हणतात, गावी होळीनंतर नवा गहू आला की वर्षाचा भरायचा, दादर ज्वारीही तेव्हाच, म्हणजे मग दिवाळीनंतर भाव चढले तरी चिंता नाही. मला ते पटतं. पण त्या वेळी एकरकमी पैसे कुठून आणू? जूनमध्ये शाळेचा खर्च समोर असतो. बचत गटातून 10,000 उचलून गहू भरला तर परवडेल का, की फायदा व्याजातच जाईल? शिवाय वर पत्रा आहे. मे महिन्यात खोली भट्टीसारखी तापते आणि पावसाळ्यात भिंतीला ओल येते. धान्य टिकेल का?

रेशनकार्ड केशरी आहे, पण प्राधान्य यादीत नाव नाही, त्यामुळे धान्य मिळत नाही. तेवढं सोडून सांगा.

प्रतिसाद १ (चोपडा)

ताई, आधी व्याजाचा हिशोब. गटाचं व्याज महिना शेकडा 2 असेल आणि 10,000 दहा सारख्या हप्त्यांत फेडले, तर व्याज होतं 1,100. त्या पैशात 3 क्विंटल गहू आला असं धरा, म्हणजे किलोमागे जवळजवळ पावणेचार रुपये व्याजच. आता तुम्ही काय घेता ते बघा. पाकिटातलं पीठ आणत असाल तर दळणाचे पैसे धरूनही कर्ज काढून गहू भरणं बहुतेक परवडेल. सुटा गहू आणून दळत असाल तर हाती फार काही उरणार नाही. शेकडा 1 ने मिळालं तर व्याज निम्मं, मग विचार करा.

मी तुमच्या जागी असते तर यंदा झेपेल तेवढा, क्विंटलभर गहू घरच्या पैशाने घेतला असता आणि पुढच्या होळीसाठी आतापासून दरमहा रक्कम वेगळी टाकली असती. किती लागतो ते दुसऱ्याला विचारू नका. दळण आणलं की तारीख आणि वजन कॅलेंडरवर लिहा, दोन महिन्यांत आकडा कळेल.

डाळ वर्षाची भरू नका, दोन-तीन महिन्यांची घ्या. तेलही साठवू नका, तुमच्या पत्र्याखाली ते खवट होईल.

साठवणीचं: गहू कडक उन्हात वाळवा, पण गरम गरम कोठीत भरू नका, आत घाम सुटतो. रात्रभर निववून भरा. कोठी विटांवर ठेवा, ओल्या भिंतीपासून हातभर लांब.

आणि ताई, हात जोडून सांगते, दुकानदार कीड मारायची गोळी देईल, अॅल्युमिनियम फॉस्फाइडची, ती घरात आणू नका. तिच्यातून विषारी वायू निघतो. ती गोदामात, माहीतगार माणसाने वापरायची गोष्ट आहे. तुमच्याकडे दोन खोल्या, कोठीजवळच पोरं झोपणार. धान्यात ती गोळी ठेवून माणसं दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. चार किडे झाले तर पाखडून काढता येतात.

प्रतिसाद २ (जळगाव)

ताई, तुम्ही डाळमिलींच्या गावात राहता, त्याचा फायदा घ्या. दाणाबाजारात दोन-तीन ठिकाणी भाव विचारा आणि तुकडा डाळ मागा. वरणात ती शिजून एकजीव होते, अख्ख्या डाळीपेक्षा स्वस्त पडते. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळी-पिठांवर 5 टक्के जीएसटी आहे, सुट्या मालावर नाही. नजरेसमोर निवडून, मोजून घेतलेली सुटी डाळ बरी.

तेलात बहुतेक जण फसतात. एक लिटर तेल भरतं साधारण 910 ग्रॅम. म्हणजे 15 किलोच्या डब्यात साडेसोळा लिटरच्या आसपास तेल, आणि 15 लिटरच्या डब्यात पावणेचौदा किलोच्याही आत. दोन्ही डबे सारखेच दिसतात. भाव विचारताना किलो की लिटर ते आधी विचारा. पाकिटावर दर ग्रॅम-किलोची किंवा मिलिलिटर-लिटरची किंमत छापलेली असते, ती बघा. मोठं पाकीट स्वस्तच पडतं असं नाही.

प्रतिसाद ३ (नंदुरबार)

मिरची शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून पोतंभर घ्या. ओली लाल मिरची स्वस्त दिसते, पण वाळून वजन निम्म्याहून कमी होतं. तेवढं धरूनच भावाची तुलना करा.

मूळ प्रश्नकर्ती

ताई, जिभाऊ, सगळ्यांचे मनापासून आभार. गटाचं व्याज शेकडा 2 च आहे आणि आम्ही सुटाच गहू दळतो, तेव्हा कर्ज काढत नाही. एक क्विंटल गहू आणि थोडी दादर घेऊ. तेलाच्या डब्यावर आज बघितलं, 15 लिटरच लिहिलंय. गोळीचं सासूबाईंनाही वाचून दाखवलं. आता एकच विचारते: दादरमध्ये कडुनिंबाचा पाला ओला टाकायचा की वाळवून?

प्रतिसाद १ (चोपडा)

सावलीत वाळवून. ओल्या पाल्याने बुरशी धरते. तळाला, मध्ये आणि वर असा थर द्या, आणि पावसाळ्यात उघडीप मिळाली की एकदा ऊन दाखवा.