एका पायाच्या बैठका : फॅड की कामाचं?

वरूडकर : एका पायाच्या बैठका, एका हातानं डंबेल, हे सारं फॅड हाय. देवानं दोन पाय दिले, दोन्ही वापरा. अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं हाय. आपल्याले मुंबई-पुण्यानं बैठका शिकवू नये.

दारव्हेकर : राहवलं नाही म्हणून लिहितो. मी रोज शंभर बैठका मारायचो, तरी उजवा गुडघा दुखायचा. एक दिवस शेतात मागचा पाय धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टेकवून एकेका पायावर बसलो. डाव्यावर बारा झाल्या. उजव्यावर चौथीलाच गुडघा आत वळला अन् मी तुरीत पडलो. म्हणजे इतकी वर्षं डावाच उजव्याचा भार ओढत होता. दोन पायांच्या बैठकीत दुबळा पाय लपून राहतो. आता सुरुवात उजव्यानं, अन् उजव्याच्या होतील तेवढ्याच डाव्याच्या.

वरूडकर : एक बाजू वापरून काय होते ते मले इचारा. वीस वर्षं पाठीवर फवारणी पंप. डाव्या हातानं दांडा, उजव्यात नळी. आज डावा खांदा वर चढला हाय, रात्री कुशीवर झोपता येत नाही.

दारव्हेकर : ती मजुरी झाली, व्यायाम नव्हे. हात बदलला का कधी?

वरूडकर : दांडा डावीकडंच असते ना बाप्पा!

दारव्हेकर : मग बॅटरीचा पंप घ्या.

वरूडकर : पैसे तुमी देता? कापसाचा भाव पाह्यला का औंदा? गेल्या साली घेतला होता एक, दुसऱ्याच फवारणीत बॅटरी बसली. दुकानदार म्हणे वॉरंटी नाही. सांगू नका मले पंपाचं.

अचलपूरची ताई : पंप राहू द्या. पोलीस भरतीत ७.२६० किलोचा गोळा पोरं एकाच हातानं फेकतात ना? माझा हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा फिजिओथेरपिस्टनं चांगल्या हाताला व्यायाम दिला. मला राग आला होता. पण एका हाताच्या सरावानं दुसऱ्याचीही थोडी ताकद वाढते, हे येल विद्यापीठात १८९४ सालीच दिसलं होतं. स्नायू फुगत नाही, मेंदू अन् नसा शिकतात. प्लास्टर निघाल्यावर पंधरा दिवसांत मी कणीक मळली.

जुना पहिलवान : वरूडकर, आखाड्याचं नाव घेता अन् गदा विसरता? गदा एका हातानंही फिरते, मग हात बदलतो. वस्ताद दुबळ्या हाताचे फेरे आधी मोजायचे.

वरूडकर : गदेचं बरोबर हाय. आज धुऱ्यावर करून पाह्यलं. उजव्यावर अकरा, डाव्यावर सहा. खांदा पंपानंच गेला, ते म्हणणं मी सोडत नाही. पण उद्या डाव्यानं सुरू करतो.