फ्रीजमधला वास काही केल्या जात नाहीये, भाजीच्या ट्रेखाली पाणी पण साचतंय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

फ्रीजपायी अगदी रडकुंडीला आलेय म्हणून धागा काढतेय, जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

आमचा फ्रीज डबल डोअर, फ्रॉस्ट फ्री, सात वर्षं झाली, आजवर काही त्रास नव्हता. मे महिन्यात जत्रेला सगळे गावी दहिवडीला गेलो होतो, नऊ दिवस घर बंद, आणि मागे किचनच्या लाईनचा एमसीबी पडला. बाकी घराची लाईट चालू त्यामुळे शेजारच्यांना पण पत्ता लागला नाही. फ्रीझरमध्ये अर्धा किलो कोलंबी, खाली दूध, इडलीचं पीठ. आल्यावर दार उघडलं ते मी तशीच गॅलरीत पळाले.

सगळं फेकलं. काचा, ट्रे काढून साबणाने घासल्या, एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा घालून आतून दोनदा पुसलं, दाराच्या रबराच्या घड्या जुन्या टूथब्रशने घासल्या (त्यातून काळी बुरशी निघाली, इतकी वर्षं तिकडे बघितलंच नव्हतं), दोन दिवस बंद ठेवून दाराला नॅपकिन बांधून उघडा ठेवला. मग कोळसा झाला, कापलेलं लिंबू झालं, कॉफी पावडर झाली. दोन दिवस बरं वाटतं की परत तोच कुजका वास. आणि दार बंद असलं तरी ओट्यापाशी उभं राहिलं की येतो, मोटर सुरू झाली की जास्तच.

दुसरं म्हणजे भाजीच्या ट्रेखाली रोज वाटीभर पाणी साचतं. कोथिंबीर निवडून कागदात गुंडाळून ठेवते तरी तिसऱ्या दिवशी काळी. फ्रीझरच्या तळाला बर्फाचा पापुद्रा पण धरलाय, तो आधी कधी धरत नव्हता.

मला खरी काळजी आईंच्या म्हणजे सासूबाईंच्या इन्सुलिनची आहे. ते २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं आणि एकदा गोठलं की वापरायचं नाही. त्या नऊ दिवसांत जे फ्रीजमध्ये होतं ते सगळं टाकून द्यावं लागलं. आता ठेवायचं कुठे? दारात ठेवत होतो, पण दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं.

आणि शेवटचं, हे कसं लिहू कळत नाही. आईंना अन्न टाकवत नाही. १९७२च्या दुष्काळात त्यांनी खडी फोडलीय, सुकडीवर दिवस काढलेत, त्यामुळे पळीभर आमटी, चतकोर भाकरी, चमचाभर पिठलं सगळं वाटीत घालून फ्रीजमध्ये जातं, वर झाकण नाही. मागे गेलेली वाटी आठवड्याने सापडते. मला त्यांना दुखवायचं नाहीये, त्यांचं चूक आहे असंही मला वाटत नाही. पण फ्रीज साफ कसा ठेवायचा?

प्रतिसाद

ताई, वास आतून नाही, मागून येतोय. फ्रॉस्ट फ्रीमध्ये बर्फ आपोआप वितळवला जातो, ते पाणी नळीतून खाली मोटरच्या वरच्या छोट्या ट्रेमध्ये पडतं आणि मोटरच्या उष्णतेने वाळून जातं. तुमच्या कोलंबीचं पाणी तिथेच गेलंय, म्हणून मोटर गरम झाली की वास सुटतो. प्लग काढा, फ्रीज पुढे ओढा, ट्रे बघा. भाजीखालचं पाणी आणि फ्रीझरचा बर्फ ही नळी चोंदल्याची लक्षणं आहेत. नळीचं तोंड फ्रीझरच्या पाठीमागच्या पॅनलच्या आत असतं, ते स्वतः उघडू नका, मेकॅनिकला बोलवा. बर्फ सुरीने तर अजिबात खरवडू नका.

प्रतिसाद

इन्सुलिन मधल्या कप्प्यात, पुढच्या बाजूला, झाकणाच्या डब्यात ठेवा. मागच्या भिंतीला गार हवेची भोकं असतात, तिथे टेकवलं तर गोठू शकतं. ती भोकं डब्यांनी झाकली गेली तर बाकी फ्रीज पण नीट गार होत नाही. वाट्यांसाठी आमच्याकडे एक उपाय चाललाय. काचेचे चार छोटे डबे आणि एक टोपली, डोळ्यासमोरच्या कप्प्यात. उरलंसुरलं फक्त टोपलीत, टोपली भरली की नवीन स्वयंपाक कमी करायचा. आणि टोपली सासूबाईंच्या ताब्यात द्या. माझ्या आईने त्या भाताचा फोडणीचा भात आणि भाकरीचा कुस्करा करून टोपली रोज रिकामी केली. फक्त भात शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जाऊ दे, रात्रभर ओट्यावर राहिलेला आत टाकू नका.

धागाकर्ती

दोघांचे खूप खूप आभार! काल ह्यांनी फ्रीज ओढला. ट्रेमध्ये पिवळट चिकट थर आणि त्यात चिकटलेली कोलंबीची मिशी, अख्खी. सोड्याच्या पाण्याने तीनदा धुतला, आज सकाळी ओट्यापाशी उभी राहिले तर फक्त चहाचा वास. मेकॅनिकने पॅनल उघडून नळीतला बर्फ आणि गाळ काढला, कालपासून भाजीखाली कोरडं आहे.

मधल्या कप्प्यात पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर रात्रभर ठेवला, ४ डिग्री दाखवतोय. इन्सुलिनचा डबा तिथेच ठेवलाय.

टोपलीचं आईंना सांगितलं, म्हटलं हे खातं तुमचं. त्यांनी लगेच सगळ्या वाट्या काढून बघितल्या, दोन स्वतःच टाकल्या, आणि सायीचं भांडं झाकण लावून फ्रीझरमध्ये ठेवलं. संध्याकाळी कुस्करा झाला, मुलांनी भांडून खाल्ला.

आता एकच राहिलंय. दाराच्या रबरात नोट अडकवून ओढून बघितली, सगळीकडे घट्ट बसते पण खालच्या उजव्या कोपऱ्यात सहज सरकून येते. रबर गरम पाण्याच्या फडक्याने शेकलं की परत बसतं असं जाऊबाई म्हणतात. कोणी करून बघितलंय का, की सरळ नवीन बसवून घेऊ?